स्थळ : सह्याद्री

श्रावण लागला की व्हॉट्सॲपवर एक फोटो येतो. मागे काळोख, पुढे एकच फूल. बुडाशी फुगीर, त्यावर अरुंद नळी आणि नळीच्या तोंडाशी पाच पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटून झालेला इवलासा पिंजरा. खाली तीन ओळी. पहिलीत लॅटिन नाव, दुसरीत 'अतिदुर्मीळ', तिसरीत 'स्थळ : सह्याद्री'. आता सह्याद्री म्हणजे काही सदाशिव पेठ नव्हे. तापीच्या दक्षिणेला हा डोंगर जो सुरू होतो तो पार कन्याकुमारीच्या अलीकडे जाऊन थांबतो. सोळाशे किलोमीटर. बसा शोधत.

असले फोटो पाठवणारे गृहस्थ हल्ली प्रत्येक ट्रेकिंगच्या ग्रुपात, प्रत्येक सोसायटीत एक तरी सापडतात. पक्षीवाले वेगळे, किल्लेवाले वेगळे. पक्षीवाला पहाटे उठवतो, किल्लेवाला इतिहास सांगतो, दोघंही निरुपद्रवी. रानफूलवाला मात्र काही सांगत नाही, आणि आपण काही सांगत नाही आहोत हे दिवसभर सांगत राहतो.

आमच्या सोसायटीतल्या नमुन्याला आम्ही कंदीलराव म्हणतो. कंदीलपुष्पांच्या मागे लागलेले, म्हणून कंदीलराव. शास्त्रज्ञ या फुलांना सेरोपेजिया म्हणतात. डोंगरातली माणसं कुठे खरचुडी, कुठे खरपुडी, कुठे हमण. भारतात यांच्या पन्नासाहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा आपल्या देशाबाहेर जगात कुठेच उगवत नाहीत. काही तर एखाद-दुसऱ्या डोंगरापुरत्याच. इतकी माहिती कंदीलराव न मागता देतात. पुढचं विचारलं की डोळे बारीक करतात.

"कुठे काढलात हो फोटो?"

"सह्याद्रीत."

"ते वाचलं. पण साधारण कुठल्या बाजूला?"

"घाटमाथ्यावर."

"कुठल्या घाटाच्या?"

"पाऊस फार होता."

एवढ्यावर विषय संपायला हवा. पण दहा मिनिटांनी कंदीलराव स्वतःच घरी येतात. चहा घेता घेता म्हणतात, "वाटेत मिसळ मात्र काय झकास मिळाली! हॉटेलचं नाव नाही सांगणार. तुम्ही लगेच ओळखाल." मग थोडं थांबून, "ओळखलंत ना?" आपण नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. गुपित फुटता कामा नये, पण ते आपल्यापाशी आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही तर तेही चालत नाही. या दोन टोकांच्या मधे पावसाळ्याचे चार महिने त्यांची फार ओढाताण होते.

निघतानाही असंच. जायचं असतं जुन्नरकडे, पण सोसायटीच्या फाटकातून गाडी साताऱ्याच्या दिशेला वळते. वॉचमनला कळू नये म्हणून. पुढच्या चौकातून यू टर्न. शहर मागे पडलं की मोबाइल एरोप्लेन मोडवर. परत आल्यावर फोटोतलं लोकेशन पुसायचं, मागे एखाद्या कड्याची ओळखीची रेघ दिसत असेल तर ती काळी करायची, आणि तारीखसुद्धा दोन-चार दिवस मागेपुढे करून सांगायची. वहिनी म्हणतात, "लग्नाआधी आम्हाला भेटायला येताना एवढी काळजी घेतली असती तर बाबांना कळलं नसतं."

वहिनींची खरी तक्रार वेगळीच आहे. कंदीलपुष्पाचा कंद उन्हाळाभर जमिनीत निजलेला असतो. मृगाच्या सरी पडल्या की तो फुटतो, श्रावण-भाद्रपदात फुलतो आणि दिवाळी उलटली की वरचं सगळं वाळून जातं. म्हणजे ऐन बहर गौरी-गणपतीत. घरात गौरी बसायच्या आणि घरचा कर्ता पुरुष कुठल्याशा सड्यावर पोटावर पालथा पडलेला. "माझ्या माहेरच्यांना वाटतं यांना काहीतरी व्यसन आहे," असं वहिनी म्हणतात. त्यात खोटं काही नाही.

कंदीलराव तीस वर्षं एका इंजिनिअरिंग कारखान्याच्या स्टोअर्समध्ये होते. कारखान्यातला माल हा आपल्या वडिलांचा आणि तो मागायला येणारा प्रत्येक सुपरवायझर हा चोर, या श्रद्धेवर त्यांनी नोकरी केली. एक बेअरिंग काढून द्यायचं तर ते आधी जुनं बेअरिंग दाखवा म्हणत. स्वेच्छानिवृत्तीनंतर त्यांच्या बरोबरीचे लोक शेअर बाजारात गेले, कुणी अध्यात्मात गेलं. कंदीलराव सड्यावर गेले, पण स्टोअर्स बरोबर घेऊन गेले.

ते फुलांची कविता करत नाहीत. त्यांच्याकडे बिन कार्डं आहेत. ज्यांनी कारखाना पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, स्टोअर्सच्या प्रत्येक कप्प्याला एक कार्ड लटकवलेलं असतं आणि माल आला-गेला की त्यावर नोंद होते. कंदीलरावांनी हीच कार्डं छापून घेतली आहेत, फिकट पिवळ्या जाड कागदावर. एक कार्ड त्यांनी मला एकदाच, अंगठ्याखाली पत्ता झाकून दाखवलं:

"आयटम : सेरोपेजिया. रॅक : क. कप्पा : 4. मागील शिल्लक : 9. आवक : 1 (बी रुजलं). जावक : 3 (साळिंदर 2, पर्यटक 1). अखेर शिल्लक : 7."

खाली सही, तारीख आणि शेरा: 'पर्यटकाने उपटून घरी नेले. कुंडीत लावणार म्हणाला. मूर्ख.'

झाडं हा त्यांच्या मते आदर्श साठा आहे. जागचा हलत नाही, गंजत नाही, आणि मागणीपत्र घेऊन कुणी येत नाही. वाईट एवढंच की री-ऑर्डर लेव्हल खाली गेली तरी ऑर्डर कुणाला द्यायची ते कळत नाही.

सड्यावर त्यांच्याबरोबर जाणं हा अनुभव आहे. पँट मोज्यात खोचलेली, गळ्यात नाडीने बांधलेलं दहा पटीचं भिंग, एका खिशात फुटपट्टी, दुसऱ्यात रंगकामाचा मऊ ब्रश, आणि काखेत युरियाच्या पोत्याचा उसवलेला तुकडा, पालथं पडण्यासाठी. आपण गाडीतून पाय खाली ठेवला रे ठेवला की ओरडतात, "पाय! पाय कुठे ठेवताय?" आपण खाली बघतो. खाली गेंद असतो, सीतेची आसवं असतात, बोटभर मातीत काय काय उगवलेलं असतं. आपण ओशाळून एका पायावर उभे राहतो. तोवर कंदीलराव पोतं अंथरून सगळ्या देहानिशी त्याच गेंदावर पसरलेले असतात. उठतात तेव्हा गवतात साडेपाच फुटांचा एक माणूस उमटलेला असतो. त्याची नोंद कुठल्याही कार्डावर होत नाही.

पण एकदा फूल सापडलं की हा माणूस बदलतो. पाऊस असेल तर छत्री फुलावर धरतो आणि स्वतः भिजतो. आवाज खाली येतो. "हे बघा," म्हणतात आणि भिंग तुमच्या हातात देतात, जे ते बायकोच्याही हातात देत नाहीत.

भिंगातून दिसतं ते खरोखर बघण्यासारखं असतं. फुलाचा वास आपल्याला फारसा कळत नाही, बारीक चिलटांना कळतो. चिलट पिंजऱ्याच्या फटीतून आत शिरतं आणि नळीतून घसरतं. नळीच्या आतल्या बाजूला केस असतात, सगळे खालच्या दिशेला वळलेले. खाली जाता येतं, वर येता येत नाही. तळाच्या फुगीर खोलीत चिलट अडकून फिरत राहतं. या कुळात, म्हणजे रुईच्या भाऊबंदांत, परागांची सुटी पूड नसते. पराग गच्च बांधलेल्या पुडक्यांत असतात आणि त्यांना चिमट्यासारखा अडकवा असतो. ती पुडकी चिलटाच्या सोंडेला अडकतात. मग नळीतले केस कोमेजतात, ताठ उभं असलेलं फूल कलतं, आणि चिलट सुटतं. सुटलं की थोड्या वेळाने पुढच्या फुलात जाऊन पुन्हा त्याच नळीतून घसरतं. चिलटाला अनुभवातून शहाणपण येत असतं तर सेरोपेजियाचा वंश कधीच बुडाला असता.

"सीलबंद पॅकिंग!" कंदीलराव दर वेळी म्हणतात. "सुटा माल नाहीच. आणि नेणाऱ्याला पोच दिल्याशिवाय सोडत नाहीत." त्यांच्या डोळ्यांत पाणी असतं, पावसाचं असेल.

एवढी व्यवस्था करूनही शेंगा फार थोड्या धरतात. धरली तर जोडीने, दोन शिंगांसारखी. ती फुटली की रेशमी झुपका लावलेलं बी वाऱ्यावर निघून जातं. या प्रकाराचा कंदीलरावांना फार त्रास होतो. माल बाहेर पडला आणि कुठे गेला त्याचं चलन नाही. एका ऑक्टोबरात ते अशा एका बीमागे सड्यावरून धावत गेले होते. कड्यापाशी थांबले म्हणून हे व्यक्तिचित्र आहे, मृत्युलेख नाही.

त्यांचा सगळ्यात मोठा राग वनस्पतिशास्त्रज्ञांवर आहे, आणि तो नावांवरून आहे. नाशिकजवळच्या अंजनेरीवर एक कंदीलपुष्प सापडलं, 2006 मध्ये शास्त्रीय नावानिशी प्रसिद्ध झालं. नाव काय ठेवलं? सेरोपेजिया अंजनेरिका. "नाव आहे की पोस्टाचा पत्ता? पिनकोडपण छापायचा होता!" पाचगणीच्या परिसरातल्या फुलाचं नाव पंचगनिएन्सिस. कासच्या वायतुऱ्याचं सातारेन्सिस. फक्त सेरोपेजिया सह्याद्रिका या नावाबद्दल त्यांना आदर आहे. ते ठेवणारा माणूस स्टोअर्समध्ये शोभला असता, म्हणतात.

इंग्रजांनी ठेवलेली नावंही त्यांना चालतात. जुन्नर भागातल्या एका मांसल झुडपाला डाल्झेल नावाच्या वनाधिकाऱ्याने 1860च्या दशकात मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव दिलं, फ्रेरिया. हीच आपली शिंदळ माकुडी. तांबूस किरमिजी चांदणीवर पिवळे ठिपके, वास माश्यांना आवडेल असा. शिवनेरीच्या कड्यावर ती आहे हे पुस्तकांतून छापलेलं आहे, म्हणून इथे लिहिण्याचं धाडस करतो. "गव्हर्नराचं नाव दिलं ते उत्तम," कंदीलराव म्हणतात. "गव्हर्नर कुठे उगवतो हे कुणी विचारत नाही." या माकुडीची गंमत अशी की तिची काडी खोचली तर कुंडीत सहज लागते. परदेशातले निवडुंग जमवणारे हौशी लोक तिला खिडकीत बाळगून असतात. कड्यावर मात्र ती मोजकीच. म्हणजे एखादं झाड जगभर कुंड्यांतून सुखरूप असू शकतं आणि घरी संकटात. अनिवासी लोकांबद्दल आपण असंच काहीसं ऐकत आलो आहोत, पण तो विषय वेगळा.

कंदीलरावांना मतंही आहेत, आणि ती ठाम आहेत. काल एक आणि आज दुसरं असलं तरी दोन्ही ठाम. कासचंच घ्या. जुलै 2012 मध्ये पश्चिम घाटातली 39 ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यात कास होतं. मग पुण्या-मुंबईच्या गाड्या अशा लोटल्या की फुलांपेक्षा चाकं जास्त. फुलांत लोळून फोटो काढणारी माणसं पाहून कंदीलरावांनी निवेदन तयार केलं: पठाराला ताबडतोब कुंपण घाला. सोसायटीत दारोदार फिरून सह्या घेतल्या. कुंपण झालं. ते यांच्या निवेदनामुळे नव्हे, पण यांना तसं वाटतं. माणसं थोपली, त्याबरोबर गुरंही थोपली. गुरं चरायची थांबली तसं गवत माजलं, आणि उंच गवताखाली बुटक्या फुलांची गळचेपी होते अशी ओरड गावकऱ्यांनी आणि काही अभ्यासकांनी सुरू केली. कंदीलरावांनी दुसरं निवेदन तयार केलं: पठाराचं कुंपण ताबडतोब काढा. पुन्हा दारोदार. आम्ही पुन्हा सह्या केल्या. कुंपण निघालं. आता तिथे गावांच्या समितीचा पहारा आहे, ऑनलाइन बुकिंग आहे, दिवसाला तीन हजारांची मर्यादा आहे. कंदीलराव तिकडे फिरकत नाहीत. तीन हजार लोकांना ठाऊक असलेलं फूल त्यांच्या लेखी फूलच नव्हे.

त्यांच्या रॅक 'क'च्या वाटेवर एक वाडी आहे. तिथे एक आजी शेरडं राखतात. कंदीलरावांनी पहिली दोन वर्षं त्यांना आपण 'हवापालट' करायला येतो असं सांगितलं. भर पावसात, पोत्यावर पालथं पडून हवापालट. आजींनी काही विचारलं नाही. तिसऱ्या वर्षी मी बरोबर होतो. आजी शेरडं हाकत आल्या, फुलाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "ह्या खरपुडीसाठी येतासा व्हय दर साली? मला वाटलं, भांडून येतासा घरनं."

कंदीलरावांचा चेहरा सील तुटलेल्या खोक्याकडे बघावं तसा झाला.

"तुम्हाला माहीत आहे ही?"

"आता माहीत नसाया काय झालं! ल्हान असताना गड्डं उकरून खायाचो आमी. गुरं राखताना भूक लागायची."

कंदीलरावांनी खिशातून कार्ड काढलं. पेनचं टोपण उघडलं. "आजी, अंदाजे किती खाल्ले असतील?"

"किती म्हंजी?"

"नग."

आजींनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. "मोजून कोन खातंय का, बाबा?" त्या म्हणाल्या. मग शेरडामागे जाता जाता, मान न वळवता, "आमी खाऊन बी हाय न्हवं अजून? तिकडं पल्याड बंगलं झालं, तिथं बघा जाऊन गावती का."

त्या कार्डाच्या शेऱ्यात मी नंतर वाचलं: 'जुनी जावक, नग अज्ञात. जबाबदार व्यक्ती प्रामाणिक.' कंदीलरावांनी कुणाला प्रामाणिक म्हटल्याचा हा एकमेव लेखी पुरावा.

पल्याडचं मात्र खरं होतं. आणि अल्याडही फार दिवस राहिलं नाही. रॅक 'ड' ही त्यांची सगळ्यात गुप्त जागा. तिथे ते मलाच काय, स्वतःच्या सावलीलाही नेत नसत. एका जूनमध्ये ते गेले तेव्हा सड्याच्या त्या टोकाला मुरूम पसरलेला होता आणि कुठल्याशा रिसॉर्टचा बाण. कार्ड मी पाहिलं आहे. 'मागील शिल्लक : 14. आवक : 0. जावक : 14. कारण : जेसीबी. अखेर शिल्लक : 0.' शेरा नाही.

त्या सुमारास वनस्पतिशास्त्राची एक संशोधक विद्यार्थिनी त्यांच्याकडे येऊ लागली होती. तिला ती कार्डं हवी होती. एकाच जागेची इतक्या वर्षांची सलग मोजणी प्रयोगशाळेतून मिळत नाही. अनुदान तीन वर्षांत संपतं आणि फूल तर वर्षातून एकदाच येतं. कंदीलराव कार्डं द्यायला तयार होते, रॅक-कप्प्याचा उलगडा द्यायला नव्हते. दोघांची वाटाघाट आमच्या गॅलरीत ऐकू यायची. एक दिवस ती सरळ म्हणाली, "काका, रॅक ड वर काही आहे हे कुणाला माहीत होतं?"

"कुणालाही नाही!" कंदीलराव अभिमानाने म्हणाले आणि मधेच थांबले.

"मग रस्तावाल्यालाही नव्हतं. सातबाऱ्यावर पोटखराबा, आणि आमच्या कागदावर कोरं. तो तरी काय वाचवणार?" मग तिने अंजनेरीचं सांगितलं. फुलाचं नाव आणि पत्ता छापला गेला. ते एकाच डोंगरावरचं, अतिशय धोक्यातलं झाड आहे हे जगापुढे आलं. 2017 साली अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. पुढे डोंगरावर गाडीरस्ता न्यायचा बेत निघाला तेव्हा विरोधात उभ्या राहिलेल्या नाशिककरांच्या हातात तिथली गिधाडं होती आणि हे बोटभर फूल होतं. "पिनकोड छापल्याचा हा फायदा," ती म्हणाली. ती मुलगी पुढे जाणार.

माझंही मत हेच आहे, जरी कंदीलरावांपुढे मी ते उच्चारलं नव्हतं. फूल गर्दीने तुडवलं जातं हे खरं, पण तुडवायला आधी कुणी यावं लागतं आणि येणाऱ्याला अडवता येतं. कुणालाच ठाऊक नसलेलं फूल एका दुपारात जातं आणि त्याचा पंचनामाही होत नाही.

कंदीलरावांनी मग अर्ज करायचं ठरवलं. सरकारी कचेरीत, रीतसर, उरलेल्या सगळ्या जागांचा. लखोट्यावर लाल शाईने 'अत्यंत गोपनीय', लाखेची मोहोर, सोबत मी साक्षीदार. आवक-जावकच्या टेबलावरच्या कारकुनाने मोहोर निर्विकारपणे फोडली, कागद उलगडला आणि नोंदवहीत लिहिता लिहिता, सवयीप्रमाणे, मोठ्याने वाचायला सुरुवात केली: "विषय... अमुक वाडीच्या... वरील सड्याच्या... पूर्व टोकाकडील... ओढ्यालगतच्या खडकाजवळील दुर्मीळ वनस्पतीचे स्थळ... गोपनीय ठेवणेबाबत."

विषय कंदीलरावांनीच लिहिला होता. तीस वर्षांची सवय. विषयात तपशील हवा.

रांगेतल्या एकाने लगेच विचारलं, "तिकडे प्लॉट पडतायत का?"

कंदीलराव त्याच्यावर काय बोलले ते छापण्याजोगं नाही. पण बाहेर आल्यावर पोचपावतीवरचा आवक क्रमांक त्यांनी दोनदा वाचला आणि पाकिटात, बायकोच्या फोटोमागे, ठेवला. "नोंद झाली," म्हणाले. स्टोअर्समधल्या माणसाला यापुढे देव नाही.

कार्डं आता त्या मुलीकडे आहेत, म्हणजे झेरॉक्स. मूळ प्रत कंदीलराव देत नाहीत. त्यातल्या एका जागेवर विद्यापीठाच्या रोपवाटिकेतली रोपं परत लावायची बोलणी चालली आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात श्रीरंग यादव यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कंदीलपुष्पांच्या जाती शोधून, वाढवून पुन्हा डोंगरांवर नेऊन लावल्या. शिरवळजवळच्या नवरोजी गोदरेज केंद्रातही अशा दुर्मीळ झाडांवर काम चालतं. हे सगळं कंदीलरावांना मान्य आहे. अडलंय ते नोंदीवर. रोपवाटिकेतलं रोप सड्यावर लावलं तर ते 'आवक' धरायचं, 'उसनवार' धरायचं की 'दुरुस्ती होऊन परत'? मुलगी म्हणते काहीही धरा. काहीही धरायला ते तयार नाहीत. गेल्या महिन्यात यावरून तीन फोन झाले आणि एक रुसवा. तोडगा आजींनी काढला म्हणतात: तीन पावसाळे जगलं तर आपलं, तोवर पाव्हणं. तसा नवा रकाना छापायला टाकला आहे. त्या सड्यावर पहिलं फूल उमललं की आजींचा नातू कंदीलरावांना मिस कॉल देतो. त्याचं नाव फोनमध्ये 'प्लंबर' म्हणून सेव्ह केलेलं आहे.

स्वभावात फरक नाही. परवाच मी त्यांना सहज विचारलं की यंदा सेरोपेजिया हुबेरी फुललं का, आणि हे नाव ज्या जर्मन हुबेर साहेबांचं, ज्यांनी 1957 मध्ये सगळ्या सेरोपेजियांची नव्याने मांडणी केली, त्यांच्यावर त्यांनी अर्धा तास व्याख्यान दिलं. साहेबांचं सगळं सांगितलं. फूल कुठलं ते नाही.

माणूस चिकट आहे, संशयी आहे, बढाईखोर आहे आणि गौरीच्या दिवशी घरी नसतो. डोंगरातल्या फुलांची मोजदाद ठेवायला याहून योग्य माणूस मला सुचत नाही, आणि सज्जन माणसं मोजदाद ठेवतही नाहीत. ती 'अहाहा' म्हणून पुढे जातात. तुमच्या सोसायटीत, ऑफिसात, नात्यात असा कुणी असेलच. फुलं कुठली हे त्याला विचारू नका, त्याने सांगितलं तरी पुढे सांगू नका. फक्त त्याच्या वह्यांची आणि जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्र विभागाची एकदा गाठ घालून द्या, तो हिंडता-फिरता आहे तोवर. मागाहून घरची मंडळी कपाट आवरायला घेतात, आणि पिवळ्या जाड कागदाला रद्दीवाला वर्तमानपत्रापेक्षा कमी भाव देतो.